लाल दिवा आणि जांभळाखालचा जॉइंट

माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान पंचायतीच्या बरोबर समोर आहे, मधे फक्त रस्ता. खिडकीतून पंचायतीच्या भिंतीवरचा इंटरनेटचा पांढरा डबा दिसतो. सकाळी शटर वर केलं की मी देवाला हात जोडतो आणि मग त्या डब्याकडे बघतो. हिरवे दिवे असले तर दिवस बरा जायचा. पण 'एलओएस' लिहिलेला बारका दिवा लाल लुकलुकत असला, की समजायचं, काचेच्या तारेतून मागून उजेडच येत नाहीये, तार कुठंतरी तुटली.

हे मला कळतं, कारण ती तार जोडणाऱ्यांत मी पण होतो. 2016 ला एका ठेकेदाराकडे स्प्लायसिंगच्या, म्हणजे काचेच्या तारा जोडायच्या कामाला लागलो होतो, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या रस्त्याला. चरात उतरून केबल वर काढायची. वरचं काळं कवच सोललं की आत चिकट जेली. ती स्पिरिटनं पुसता पुसता बोटं गार पडायची. चोवीस तारा, प्रत्येकीला रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी, आणि परत पहिल्यापासून. पाढ्यासारखं अजून पाठ आहे. रंगाचा थर काढल्यावर उरते ती काच, 125 मायक्रॉनची, केसाच्या जाडीची. क्लीव्हरनं तिचं टोक सरळ कापायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, झाकण लावायचं. आत ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. जोडात उजेड किती गळतो त्याचा आकडा पडद्यावर येतो. 0.02 आला की पुढची तार. 0.1 आला की परत काप. पावसाळ्यात वर छत्री धरायला एक पोरगा लागायचा. बसल्या बसल्या गुडघे आखडायचे. येणारी जाणारी म्हातारी माणसं वाकून बघायची, "काय करूलास बाबा त्या खड्ड्यात?" मी म्हणायचो, "काकी, तुमच्या गावाला इंटरनेट आणूलो."

आणलं पण. योजना आमच्या आधीची. 2011 च्या ऑक्टोबरात केंद्रानं मंजूर केलेली, नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. 2015 ला ते भारतनेट झालं. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी किमान 100 एमबीपीएस द्यायचं ठरलं होतं. पैसा फोन कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के कापून साठवलेल्या निधीतला, म्हणजे फिरून आपल्याच रिचार्जमधला. पहिल्या टप्प्यात 2017 च्या डिसेंबरपर्यंत एक लाखावर पंचायती जोडल्या गेल्या, आमची त्यांतलीच एक.

पण त्या टप्प्यातली मांडणी मला तेव्हाही खटकायची. तालुक्याच्या एक्स्चेंजपासून बरंचसं अंतर जुन्याच केबलीतून काढलेलं, आणि पुढं उरलेला तुकडा तेवढा नवा. ओळीनं एकापुढं एक गाव. मधे कुठं तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. नियमानं चर 165 सेंटीमीटर खोल हवा. जांभा लागला की पहारसुद्धा ठणकन् वाजून परत येते, तिथं एवढं खोल कोण जातंय? मी जोडलेल्या केबली काही ठिकाणी जेमतेम ढोपरभर खाली आहेत, मला माहीत आहे. मग रस्ता रुंद करायला जेसीबी आला की एक घाव, नळाच्या पाईपाला चर काढला की दुसरा. खोदण्याआधी कळवायचं एक ॲप सरकारनं 2023 ला काढलं खरं. आमच्याकडच्या जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये ते अजून मी बघितलं नाही.

2023 च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली. महिन्याला दोन हजार, घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर. नोंदणी पंचायतीत, आणि नेमका त्याच आठवड्यात लाल दिवा. जांबोटीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल. पन्नासेक बायका रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पागोळ्यांखाली उभ्या. डब्याची बॅटरी फुगलेली, सौर पॅनेलवर शेवाळ, आणि तार तर तुटलेलीच. शेवटी मी फोन घेऊन मागच्या माळावर गेलो. तिथं एका दगडावर उभं राहिलं की महाराष्ट्र-गोवा सर्कलचा टॉवर धरतो. (सीमाप्रश्न 1956 पासूनचा, सुप्रीम कोर्टात 2004 पासून. टॉवरला त्याचं काही नाही. 2015 ला बीएसएनएलनं रोमिंगचे येणारे कॉल फुकट केले, तोवर आमच्याकडचे लोक स्वतःच्याच माळावर उभं राहून रोमिंग भरत होते.) लॅपटॉप छत्रीखाली, हॉटस्पॉट चालू. संध्याकाळपर्यंत अकरा नावं चढली. बाराव्या आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळ, तू भिजलास."

दुरुस्तीला माणूस नवव्या दिवशी आला. चूक त्याची नव्हे, एकट्याच्या गळ्यात अख्खा तालुका.

लोक विचारतात, तार पंचायतीत आली तर तुझ्या दुकानात का नाही? रस्त्याची रुंदी बारा पावलं. तेवढ्यासाठी कुणाची सही लागते हे शोधण्यात माझे आठ महिने गेले. केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेचं, पीएम-वाणीचं वाचलं होतं, 2020 च्या डिसेंबरात मंजूर झालेलं, की किराणावालासुद्धा 'पीडीओ', म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, होऊन वायफाय विकू शकतो. एका कचेरीत जाऊन म्हणालो, मला पीडीओ व्हायचंय. समोरचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, त्याला परीक्षा द्यावी लागते. कर्नाटकात पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी! दोघंही हसलो, काम मात्र झालं नाही.

आता सुधारित भारतनेट आलंय. 2023 च्या ऑगस्टमध्ये मंजूर, 1,39,579 कोटींचं. यात ओळीऐवजी रिंग, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं उजेड फिरून येणार. दहा वर्षं देखभाल, आणि गावातल्याच उद्योजकांमार्फत दीड कोटी घरांना जोडणी. माझ्या मते यातली देखभालीची ओळ सगळ्यांत मोलाची. तार टाकणारे आम्ही पुष्कळ होतो, नंतर विचारपूस करणारा कुणी नव्हता.

गेल्या आठवड्यात दोन पोरं सर्व्हेला आली, हातात टॅब आणि रंगाचा डबा. जुना जॉइंट नकाशात दाखवतो तिथं सापडेना. मी शटर अर्धं ओढून त्यांच्याबरोबर गेलो. माझ्या वहीत लिहिलं होतं, 'जांभळापासून पूर्वेला सात पावलं'. रस्ता रुंद करताना जांभूळ गेलं होतं. मग मोरीपासून मोजलं. एकोणिसाव्या पावलावर पहार मारली तर खालून पोकळ आवाज आला. पोरगा रंगाचा डबा उघडत म्हणाला, "काका, सरका जरा."