सामानातला पंखा

दुपारी लाइट गेली आणि हाताला लागली ती कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. तिनं वारा घ्यायचा म्हणजे नुसती मनगटाची कसरत. पंखा म्हणजे आजीचा! शिंदीच्या पानांच्या पट्ट्या खालीवर घालून विणलेला, कडेला जुन्या लुगड्याची झालर, कारण पानाची कड बोटाला कापते. आम्ही नातवंडं ओळीनं आडवी आणि तिचा हात डुलकी लागली तरी चालूच. थांबला की कुणीतरी कुरकुरायचं, की पुन्हा सुरू. ती पंख्यावर पाणी शिंपडायची, तेव्हा त्याला असा काही वास यायचा की मी हळूच कड चावून बघायचो. झालरीवरचे दात उंदराच्या नावावर गेले.

बगदादमध्येही असाच पंखा असतो, खजुराच्या पानांचा. शिंदी ही खजुराचीच गावठी बहीण. तिथे त्याला महफ्फा म्हणतात. हेव काहरामान ही कुर्दी वंशाची चित्रकार, जन्म १९८१, बगदादचा. आखाती युद्धाच्या काळात घरची मंडळी देश सोडून निघाली आणि मोजक्या सामानात त्यांनी महफ्फाही घेतला. निघाली होती कुठे, तर स्वीडनला! बर्फात पंखा नेणाऱ्या माणसांशी आपलं लगेच जमेल. त्यात कुर्दांचा मूळ मुलूख डोंगराळ, खजूर खाली मैदानात. म्हणजे घरची आठवण म्हणून उचललं तेही शेजाऱ्यांच्या झाडाचं. असू दे. आपल्या तरी घरातलं सगळं कुठे आपलं असतं?

पुढे ती फ्लॉरेन्सला शिकली, अमेरिकेत स्थायिक झाली आणि २०१७ च्या सुमाराला लिननवरची स्वतःचीच चित्रं कापायला बसली. रंगवलेल्या कापडाला चिरा पाडायच्या आणि त्यांतून दुसऱ्या चित्राच्या पट्ट्या ओवायच्या, महफ्फा विणतात तशा. फोटो मोठा करून पाहिला. काळ्याभोर केसांच्या बायका, थोड्या जुन्या अरबी पोथीतल्या, थोड्या इटलीच्या, आणि मध्येच कापडाची वीण. पुरं झालेलं चित्र कापायचं म्हणजे माझ्या पोटात गोळाच येतो. आजीला आला नसता. लुगडं फाडल्याशिवाय झालर कुठून येणार?

पण ही झाली सामान बांधायला वेळ मिळालेल्यांची गोष्ट. १९८८ च्या मार्चमध्ये इराकमधल्याच हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायूचे बॉम्ब पडले. त्या दिवशी तिथल्या हजारो कुर्दांना काय न्यावं, काय ठेवावं, हा प्रश्न पडायलाही सवड मिळाली नाही.