नेट नसलेल्या संध्याकाळी : स्ट्रीट फायटर 6 ची प्रगती

मंडळी, स्ट्रीट फायटर 6 या मारामारीच्या गेममधल्या वर्ल्ड टूरमध्ये, म्हणजे एकट्यानं खेळायच्या कथेच्या मोडमध्ये, मेट्रो सिटी हे शहर उरकून पुढचं ठिकाण नेशॉल गाठलं. आमचं गाव आर्वी तालुक्यात, खेळ लॅपटॉपवर, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. वावरातून लोक घरी आले की सगळं गाव एकाच टॉवरवर येतं, मग रँक्ड (क्रमवारीचे ऑनलाइन सामने) लावण्यात अर्थ उरत नाही. रोलबॅक (नेटचा उशीर झाकायची गेममधली सोय) समोरच्याचं पुढचं बटण अंदाजानं धरतो, अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्त करतो. चांगल्या नेटवर ते जाणवतही नाही. इथे मात्र समोरचा हवेत दिसतो आणि दुसऱ्या क्षणी खाली बसून पाय मारतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, अशात कुठून अडवणार?

म्हणून एकट्यानं खेळायचे मोड मला जिव्हाळ्याचे आहेत. 2016 मध्ये स्ट्रीट फायटर 5 आर्केड मोडविनाच (कॉम्प्युटरशी एकामागून एक लढायचा मोड) आला, तो मिळायला 2018 उजाडलं. स्पर्धावाले खेळत राहिले, आपल्यासारख्यांच्या हाती फारसं काही नव्हतं. मॉर्टल कॉम्बॅट 11 या दुसऱ्या गेमची क्रिप्ट (बक्षिसांच्या पेट्या उघडत हिंडायची जागा) तर एकट्यानंच फिरायची, तरी तिला इंटरनेट लागतं! हे मला आजही पटत नाही. ऑनलाइन सुधारलं म्हणून एकट्याचा खेळ आटायलाच हवा असं नाही, हे 2023 च्या सहाव्या भागानं दाखवलं.

पण वर्ल्ड टूरवर पूर्ण विसंबू नका. रस्त्यावरचे गुंड ठोसे खात उभे राहतात, त्यामुळे ब्लॉक करायची सवयच लागत नाही. लूक या गेममधल्या गुरूकडून रायझिंग अपरकट (उसळून वर मारायचा ठोसा) शिकून घेतला, पण उडी मारणाऱ्याला तो वेळेवर लागायला लागला ट्रेनिंग मोडमध्येच. डमीला (सरावासाठी समोर उभ्या पात्राला) तीन गोष्टी रेकॉर्ड करून दिल्या: उडी, ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार झेलूनही बसणारा जोरदार फटका) आणि नुसतं चालत येऊन थ्रो (पकडून फेकणं). प्लेबॅक रँडम ठेवला. आधी हात फक्त उडीवर जायचा, आता इम्पॅक्टला उलट इम्पॅक्टही बसतो. थ्रो अजून बरेचदा खातो. फ्रेम मीटर (फ्रेमगणिक हालचाल दाखवणारी पट्टी) चालू ठेवला की कुठे उशीर झाला ते लगेच कळतं.

पुढचा नंबर गाइल या पात्राचा. सॉनिक बूम (लांबून सोडायचा मारा), जरा थांबून दुसरा बूम, आणि मी उडी मारली की समरसॉल्ट किक (कोलांटी घेत लाथ), असं रेकॉर्डिंग करतोय. दोन बूममधलं अंतर किती ठेवावं, हे गाइल खेळणाऱ्यांनी सांगा.