किल्ल्यांचा जुडगा

“कागद? ते १७९३ साली चौकात जळाले,” किल्ल्या सांभाळणाऱ्या आजी इतक्या सहज म्हणाल्या की मी वही मिटूनच टाकली.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ही लहानशी गढी (शातो, म्हणजे फ्रेंच सरदारी वाडा, म्हणण्याइतकी ऐट तिच्यात नाही) कोणी बांधली हे सांगणारे दप्तर उरलेले नाही, कारण फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, त्या वर्षीच्या १७ जुलैच्या कायद्याने सरंजामी हक्कांची कागदपत्रे जाळण्याचा आदेश दिला होता.

उरला आहे तो कबुतरखाना. एका कोनाड्यात हात घातला, तर बोटांना पीस लागले. जमीनदाराची कबुतरे पेरलेले बी टिपत आणि शेतकऱ्याला ती मारण्याची मनाई असे. कबुतरखाना ठेवण्याचा जमीनदाराचा तो खास हक्क ऑगस्ट १७८९ मध्ये गेला.

आजींचे पूर्वज त्या चौकात कोणत्या बाजूला उभे होते, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.