सभेत मी एकटाच पुरुष होतो

धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला. मी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. त्यामुळे त्याची दारू माझ्यापर्यंत यायची ती आकड्यांतूनच. कारखान्यातून घेतलेली उचल, टपरीवरची उधारी, भिशीचा चुकलेला हप्ता, भावजयीचं गहाण पडलेलं गंठण. दारात कोणी वसुलीला आलं की मी भरायचो. आई देवाशी बोलायची, भावजय त्याच्याशी भांडायची आणि मी पैसे भरायचो. घरात कामांची अशी वाटणीच झाली होती.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, त्याने दारू सोडली. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभं राहून त्याने सिद्धेश्वराची शपथ घेतली. घरी येऊन आईच्या पाया पडला. आईने पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात इतके थरथरत होते की चहाची बशी धरता येईना. आम्ही म्हणालो, होईल कमी, निश्चय केलाय ना. तिसऱ्या रात्री सगळं शहर शोभेचं दारूकाम बघायला होम मैदानावर गेलं होतं आणि हा घरात भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. अंगाला घामाच्या धारा, कोपऱ्यात कोणीतरी बसलंय म्हणून त्याला शिव्या, मला ओळखेना. शेजारच्याची रिक्षा काढून आम्ही सिव्हिल हॉस्पिटल गाठलं.

तिथे जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद करायचं नसतं. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती तुटली की काही तासांतच थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. त्यात जीवही जातो. यावर औषधं आहेत. शांत करणाऱ्या गोळ्या डॉक्टर ठरावीक प्रमाणात देऊन हळूहळू कमी करतात, आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी उरलेलं असतं. सोडायचं तर डॉक्टरला विचारून सोडायचं, शपथ त्यानंतर घ्या हवी तर.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एका बाईंचा मुलगा होता. मी औषधांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावत बसलो होतो, ते त्या बघत होत्या. म्हणाल्या, "काय ओ दादा, तुम्ही भाऊ का? मग भरणारे तुम्हीच असणार की." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. जाताना त्यांनी सभेची जागा आणि वेळ सांगितली. पिणाऱ्यांची सभा वेगळी, ही घरच्यांची.

पिणाऱ्यांच्या सभा, म्हणजे एए, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, मला ऐकून माहीत होत्या. 1935 साली अमेरिकेत ते सुरू झालं. त्याच्या एका संस्थापकाची बायको लोइस आणि तिची मैत्रीण अ‍ॅन यांनी 1951 साली घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं केलं. नवरे आत सभेत आणि बायका बाहेर वाट बघत बसलेल्या, त्यातून ते जमत गेलं म्हणतात. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, हे भावजयीला आधीपासून ठाऊक होतं. बायकोने जायला जागा असते हे मलाही पटलेलं होतं. भावाने काय करायचं तिथे जाऊन?

तरी गेलो. पहिल्यांदा भावजयीला सोडायला म्हणून गेलो आणि दारातच बसलो. एका खोलीत बाकं, आत सगळ्या बायका. आया, बायका, एक बहीण. काही विडी कामगार होत्या, त्यांच्यातल्या एकीने तेलुगूत सांगायला सुरुवात केली, शेजारची मराठी करून सांगत होती. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे पुष्कळ, तिथे हे नवीन नाही. मध्येच ती थांबली आणि मराठी करणारीच रडायला लागली, मग तिसरीने पुढचं सांगितलं. कोणी कुणाला सल्ला देत नव्हतं. तसा नियमच आहे. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, आडनाव विचारायचं नाही. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, वाटलं तर दहा-वीस रुपये टाकायचे. हिशेबनीस म्हणून मला ती पिशवी बघून धीर आला, खोटं कशाला बोला.

तिथे वारंवार तीन वाक्यं कानावर येतात. हे मी घडवलं नाही, हे मला ताब्यात ठेवता येणार नाही, हे मी बरं करू शकणार नाही. पहिलं वाक्य आयांसाठी फार मोठं आहे, ते ऐकताना त्यांचे चेहरे मी पाहिलेत. मला मात्र दुसरं बोचलं. मी इतकी वर्षं जे भरत होतो ते ताबा ठेवण्यासाठीच. मी पैसे भरतोय तोवर दारू माझ्या वहीत आहे, असं काहीसं मनात होतं.

देवाचं थोडं जास्त होतं तिथे, असं माझं मत. एक वरची शक्ती, तिच्यावर सोपवा वगैरे. ज्यांना जमतं त्यांनी सोपवावं. मला उपयोग झाला तो इतर बायकांच्या तपशिलांचा.

उदाहरणार्थ, पुडीचा. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असतात. आईने त्यातली एक पुडी मागवून ठेवली होती, वरणात घालायला. सभेत एकीने असल्याच पुडीने नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागल्याचं सांगितलं. मी सिव्हिलच्या डॉक्टरांना विचारलं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ती रोग्याला सांगूनच, त्याच्या संमतीने द्यायची. लपवून दिलेल्या पुडीत काय आहे हे तर देणाऱ्यालाही माहीत नसतं. आईची पुडी मी गटारात टाकली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दुसरं, उचलून नेणाऱ्या गाडीचं. शहराबाहेरच्या एका केंद्राने मला फोनवर सांगितलं होतं, पत्ता द्या, रात्री आमची चार पोरं येतील, तुम्ही फक्त दार उघडा. एवढ्या महिन्यांचे एवढे पैसे, तोवर भेटायचं नाही. मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होतो. सभेतल्या बहिणीने विचारलं, त्याची सही घेतात का? मग कायदा वाचला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात दारूचं आणि इतर नशेचं व्यसनही येतं. शुद्धीवर असलेला, स्वतःचं बरंवाईट समजणारा माणूस स्वतःच्या सहीने दाखल होतो. ज्याला निर्णयच घेता येत नाही आणि ज्याच्या जिवाला किंवा इतरांना धोका आहे, त्याच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला ठरलेल्या माणसाने, अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं आणि तेही 30 दिवसांपर्यंत. साखळीने बांधून ठेवायला तर सरळ बंदी आहे. केंद्राकडे नोंदणीचा कागद मागा, नसेल तर परत फिरा.

बोलायचं कधी, हे भावजय तिथेच शिकली. प्यालेला असताना एक शब्दही नाही. पोरीला घेऊन शेजारी जायचं. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक आणि पोरीचे शाळेचे कागद एका पिशवीत शेजारणीकडे ठेवून दिले होते. हात उगारला तर 112 किंवा महिलांसाठीचा 181, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतो. सकाळी तो शुद्धीवर असताना मात्र दोनच वाक्यं: काल काय झालं ते, आणि आता मी काय करणार आहे ते. टोमणा नाही. न पिता घरी आला की मुद्दाम त्याच्याबरोबर जेवायला बसायचं. पुतणी सातवीत आहे. बाप गाडीचं स्टँड कसं लावतो त्या आवाजावरून तो किती प्यायलाय हे तिला कळतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

माझं काम दोन गोष्टी बंद करण्याचं होतं. कारखान्याच्या मालकाला "ताप आहे" असा फोन मी करायचो, तो बंद केला. धाकट्याला आदल्या सकाळी सांगूनच बंद केला. आणि वसुली. उधारीवाला दुकानात आला, मालकासमोर मोठ्याने बोलला. मी म्हणालो, "त्याने घेतलेत, त्यालाच मागा." तो म्हणाला, "काय बे, सख्खा भाऊ ना?" मान खाली घालून मी बेरीज करत बसलो, ती तीनदा चुकली. घरात किराणा, पोरीची फी आणि डॉक्टरचं औषध एवढं मी थेट दुकानदाराला, शाळेला, मेडिकलला देतो. हातात रोख नाही.

पगार कापला गेला, मग एक माग सुटला, मग मालकाने बोलावून समज दिली. पावसाळ्यात धाकटा स्वतःहून म्हणाला, चल. मी नोंदणी असलेलं केंद्र काढूनच ठेवलं होतं. सही त्याने केली. परत आल्यावर दिवाळीत पुन्हा प्यायला, पुन्हा सिव्हिलच्या ओपीडीला गेला, सध्या गोळ्या चालू आहेत आणि तो एएला जातो. सध्या, एवढंच म्हणतो.

घरच्यांच्या सभेत अजून मी धरून दोनच पुरुष आहेत. दुसरे एक वडील, अलीकडे आले. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून पाकीट काढून विचारलं, भरायचे किती? बापाला, भावाला, मामाला वाटतं आपला भाग पैशांचा, बसून ऐकण्याचा बायकांचा. ज्यांना खोलीत यायचा संकोच वाटतो त्यांनी आधी फोन करावा. 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर, तिथे मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानेही फोन केला तर चालतो.

आई यायला तयार नाही. तिला गुडघ्यांचं निमित्त आहे. पदराच्या गाठीतून ती त्याला अधूनमधून पन्नासची नोट देते, मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. पुढच्या सभेला भावजय तिला रिक्षाने आणणार म्हणतेय. रिक्षाचं भाडं मी देणार आहे.