तुम्ही विचारलंत म्हणून: संन्याशाला दुसऱ्याची माया कशी?

ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या प्राचीन परंपरेतल्या, ख्रिस्ती साधू-साध्वींचा विषय मी काढला की हा प्रश्न हमखास येतो: उपवास, मौन, गुहेतली प्रार्थना हे सगळं स्वतःच्या मोक्षासाठीच ना? मग त्यात दुसऱ्यावरचं प्रेम कुठे आलं?

इजिप्तच्या वाळवंटात, पहिल्या ख्रिस्ती मठवाशांच्या काळात, अब्बा (म्हणजे बाबा) अगाथोन नावाचे तपस्वी होऊन गेले. एखादा कुष्ठरोगी भेटावा, त्याला आपलं शरीर द्यावं आणि त्याचं आपण घ्यावं, अशी त्यांची इच्छा होती. पूर्ण प्रेम ते यालाच म्हणत. एकदा हाताने केलेल्या वस्तू विकायला ते गावात गेले, तर एक परका माणूस आजारी पडलेला, त्याला बघणारं कुणी नाही. त्यांनी तिथेच खोली भाड्याने घेतली. अंगमेहनतीवर भाडं भरलं, उरलेलं त्याच्यावर खर्च केलं, आणि चार महिन्यांनी तो बरा झाल्यावरच ते आपल्या कुटीत परतले. सांभाळत बसावं असं मागे काही नव्हतं, म्हणून त्यांना थांबता आलं. वैराग्याचा उपयोग मला इथे दिसतो. उपवासाचंही तेच. दुसऱ्या शतकातलं ख्रिस्ती लेखन सांगतं की न खाल्लेल्या अन्नाची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला द्या.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या गेरोंडिसा गाव्रिलिया. गेरोंडिसा म्हणजे वडीलधारी साध्वी. १८९७ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, जन्म, पुढे अथेन्समध्ये फिजिओथेरपीचा चांगला चालणारा दवाखाना. १९५४ मध्ये आई गेली आणि त्यांनी दवाखाना बंद केला. खुष्कीच्या मार्गाने त्या भारतात आल्या, पाच वर्षं गरिबांमध्ये राहिल्या, आणि कुष्ठरुग्णांसाठी बाबा आमटे आणि त्यांच्या कुटुंबाबरोबर काम केलं. कुष्ठरुग्णाला पहिल्यांदा पाहून स्वतः बाबाही घाबरून पळाले होते, हे आपण सगळे जाणतो. ती भीती जिंकल्यावर आनंदवन उभं राहिलं. स्वतःला जपण्याची ही धडपड सुटावी, यासाठीच तर वाळवंटातले ते तपस्वी आयुष्य वेचत होते!

आणि क्रम बघा. साध्वी होण्यासाठी त्या जेरुसलेमजवळच्या बेथनीच्या मठात गेल्या त्या १९५९ साली, म्हणजे कुष्ठरुग्णांची सेवा झाल्यावर. प्रार्थनेचे नियम मागितले तेव्हा त्यांना पहिलं वर्षभर फक्त शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, आणि मठजीवनावर लिहिणारे जुने संत योहान क्लायमाकस वाचायला सांगितलं गेलं. पुढे ग्रीसमधल्या पाटमोस बेटावर त्यांनी दीक्षा घेतली आणि लगेच पुन्हा भारत गाठला, या वेळी नैनिताल. उतारवयात अथेन्समधल्या छोट्याशा घरात दुःखी माणसांची रीघ लागायची, आणि त्या भेटायच्या. १९९२ मध्ये त्या गेल्या. २०२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चने त्यांना संत म्हणून मान्यता दिली.

मठात गेल्यावर त्यांची सेवा थांबली का, असं आता मी तुम्हालाच विचारतो.