काळ्या पट्ट्यांचा खेळ

चाळिशीनंतर पेटी शिकायला घेतली की लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. "परीक्षा देणार का?" आणि "मग कार्यक्रम कधी?" दोन्हींना नाही म्हटलं की समोरचा गोंधळतो. मग हा उपद्व्याप कशाला, एवढं फक्त तोंडावर विचारत नाही.

क्लासातल्या पोरांना पलटे, म्हणजे सुरांचे ठरलेले सराव, घोटावे लागतात. 'प्रारंभिक' परीक्षेचा फॉर्म आईवडिलांनी आधीच भरलेला असतो. मला मात्र वाट्टेल तिथे रेंगाळता येतं. परवा मोबाइलवरचा तानपुरा काळी तीनला लावला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा मानलं, आणि ठरवलं, आज फक्त काळ्या पट्ट्या. निघाला भूप राग! सा रे ग प ध, पाचही सूर काळ्यांवर, पांढरीला बोट लावायचं कामच नाही. मग तानपुरा काळी एकला आणला. पट्ट्या त्याच, पण आता दुर्गाचे सूर. काळी दोनला धानी. काळी पाचला, पंचमाऐवजी मध्यमाची तार लावून, चक्क मालकंस! मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलला की राग बदलतो, वगैरे पुस्तकात वाचलं होतं, पण भूपाच्याच घरात मालकंस बिऱ्हाडाला आहे हे बोटांना कळलं तेव्हा एकटाच मोठ्यानं हसलो. जाणकार म्हणतील, नुसत्या सुरांनी राग होत नाही, चलन, म्हणजे त्या सुरांची खास चाल, लागतं. अगदी मान्य. ते शिकायला उरलेलं आयुष्य आहेच की.

अर्थात हे सगळं उजव्या हाताचं कौतुक. डावा हात भात्यावर, आणि खरी गोम तिथे आहे. उजवा जलद लयीत शिरला की डावाही त्याच्यामागे पळत सुटतो, नि सूर हिसके खात बाहेर पडतो. भाता संथ ठेवून बोटं पळवायची, हे अजून रोज जमेलच असं नाही.

पेटीला तशी नावं ठेवणारे पुष्कळ. हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, सूर जागचे हलत नाहीत, म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदीच घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. मधल्या काळात घराघरांत, भजनांत, नाटकांत ती बिनदिक्कत वाजत होती. भाता मारला की सूर तयार, हा गुण आमच्यासारख्या हौशींना केवढा सोयीचा! सतारीला नुसतं जुळवण्यातच आमची संध्याकाळ गेली असती.

तो रेडिओवाल्यांचा आक्षेप मला वर्षातून एकदाच पटतो, गणपतीत. सोसायटीच्या आरतीला पेटी माझ्याकडे असते. कुणीतरी काका 'सुखकर्ता' उचलतात ते काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधे. तिथे पट्टीच नाही! मी एकदा इकडे दाबतो, एकदा तिकडे. तोवर काकू आपल्या काळी पाचात शिरलेल्या असतात, मुलं झांजा बडवत असतात. मला जरा कुठे सा सापडतो, तर मंत्रपुष्पांजली सुरू.