विंडरश नदी, आणि दगडात साठलेलं पाणी

गोव्यातले कितीतरी लोक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिलेत, आमच्या वाड्यावरचाही एक जण आहे तिथे, आणि तो सुट्टीच्या दिवशी फोटो पाठवतो त्यातून मला या विंडरश नदीचा नाद लागला. लांबी सुमारे 65 किलोमीटर. पणजीला मांडवी बघितलेल्या माणसाला ती व्हाळच वाटेल.

ग्लॉस्टरशरमधे कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत टॅडिंग्टनजवळ उगम, मग नॉन्टन, मग बोर्टन-ऑन-द-वॉटर. इथे पाणी जेमतेम गुडघाभर, वर बुटके दगडी पूल, आणि ऑगस्टमधे गावातली पोरं चक्क नदीत उभी राहून फुटबॉल खेळतात!! पुढे बर्फर्ड, मग मिन्स्टर लव्हेलचा काठावरचा पडका वाडा, मग विटनी. विटनीच्या कांबळ्या जगभर जायच्या, मेंढ्या त्या टेकड्यांवरच्या आणि लोकर धुवायला पाणी विंडरशचं, 2002 मधे शेवटची गिरणी बंद झाली. शेवटी न्यूब्रिजला ती थेम्सला मिळते. 1948 साली कॅरिबियनमधून माणसं घेऊन जे एम्पायर विंडरश जहाज इंग्लंडला लागलं, त्याला नाव हिचंच.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो तिथला दगड. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो, तरी ती नदी उन्हाळ्यातही वाहते, कारण खालची चुनखडी हिवाळ्यातलं पाणी पिऊन ठेवते आणि झऱ्यांतून हळूहळू सोडते. आपला जांभा वेगळा, पण काम तेच करतो, स्पंजसारखा भोकाभोकांचा, सत्तरी-डिचोलीच्या झरी आणि बागायती त्याच्यावरच जगल्या. तोच जांभा खनिजासाठी उकरून काढला, खाणी पाण्याच्या पातळीच्याही खाली नेल्या, पंप लावून पाणी उपसलं, आणि मग शेजारच्या गावांतल्या विहिरी आटल्या. साखळीला विठ्ठलापूरच्या देवळाजवळ वाळवंटी नदी बघतो तेव्हा हे मनात येतंच, पावसात गढूळ लाल लोंढा आणि एप्रिल-मेत पाणी कुठे गेलं ते शोधायचं.

तिथेही सगळं छान आहे असं नाही हां. विटनीच्या खाली रेती-खडीसाठी खणून खणून खड्डे केले, त्यांची आता तळी झालीत. आणि नदीत सांडपाणी सोडतात म्हणून काठावरच्या लोकांनी स्वतःची संघटना काढलीय, कुठल्या दिवशी किती तास घाण सोडली त्याचा सरकारी आणि कंपनीचाच डेटा मागवून ते तपासत बसतात. वाळवंटीसाठी असा हिशोब ठेवणारे लोक आपल्याकडेही हवेत, आणि सुरुवात झऱ्यांच्या यादीपासून करावी असं मला वाटतं. डिचोली किंवा सत्तरीत कुणाला गावातली झर माहीत असेल, चालू असो की आटलेली, तर गावाचं नाव आणि कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं एवढं कळवा, मी लिहून ठेवायला घेतलंय.